पप्पांची तपासणी

बाळाचं रडणं पप्पांना सोसत नाही, म्हणून मम्मी त्याला घेऊन चार महिने मामाकडेच आहे. पप्पांचे कान तसे ठणठणीत, फक्त मोठा आवाज झाला की दुखतात. आज तपासणी होती. काचेच्या खोलीत त्यांना हेडफोन लावून तपासणाऱ्या ताई म्हणाल्या, “आवाज वाढवत जाईन. नकोसा झाला की बटण दाबा.” मी काचेबाहेर ताईंशेजारी बसले. आवाज वाढत गेला, पप्पा बटण दाबेनात. “यांना काहीच त्रास नाही,” ताई म्हणाल्या. माझं डोकंच सणकलं. मी शाळा सोडली म्हणून काय झालं, परीक्षेत कॉपी करणारा मला लांबून कळतो. पप्पांनी अंगठा मुठीत कोंबला होता, डोळ्यांतून पाणी गळत होतं. “ताई, बंद करा,” मी ओरडले. पप्पा बाहेर येऊन माझ्यावरच चिडले, तेही कुजबुजत. “अगं, अजून थोडी थांबली असतीस तर पास झालो असतो. संध्याकाळी दोघांना घरी आणलं असतं.”