कुणीतरी कमी

नवरा-बायकोने दुरुस्तीला आणलेली गिटार आवाज वाढवला की किंचाळायची. तारांची थरथर पकडणारा पिकअप म्हातारा झाला होता. मी नवा जोडून तपासायला त्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला. स्पीकर टक्क बोलला. नवऱ्याने बेसूर गुणगुणत वाजवून पाहिली आणि खूश झाला. "यात कुणीतरी कमी वाटतंय," बायको म्हणाली. 'काहीतरी' म्हणाली असती तर सोडून दिलं असतं. 'कुणीतरी' ऐकून राहवेना. जुना पिकअप जोडून त्याच्याजवळ तोंड नेलं. "ऐकू येतंय?" स्पीकरने माझ्याच आवाजात तेच विचारलं. आतली तारेची गुंडाळी घट्ट धरणारं मेण सुटल्याने पिकअप तारांसोबत माणसांचंही ऐकत होता. नवरा ओशाळला. "म्हणजे माझं गुणगुणणंही? बरं झालं बदलला." "जुनाच बसवा," बायको म्हणाली. "अगं, तो किंचाळतो." "किंचाळू दे. भांडण झालं की आठवडाभर तोंड उघडत नाहीस, नुसता गिटार घेऊन बसतोस. पलीकडच्या खोलीत मला तुझं तेवढं गुणगुणणंच ऐकू येतं."