पणजीचे हात

लॅबवाल्याने पणजीच्या जपून ठेवलेल्या केसांतून काढलेल्या आठवणींचं इंजेक्शन दिलं आणि कधी सुई न धरलेली नीरजा सरसर गोधडी शिवू लागली. टाका थेट पणजीचा.

"आमच्या आजोबांनी फुलासारखं जपलं होतं आजीला," नीरजाचे वडील लॅबवाल्याला म्हणाले आणि लेकीची पाठ थोपटायला त्यांनी हात उचलला.

नीरजाने सुई टाकली. दोन्ही हातांनी डोकं झाकून ती कोपऱ्यात जाऊन बसली.

"अगं, मी कधी मारलंय का तुला?"

"नाही हो बाबा. हात आपोआप वर गेले. खाली येतच नाहीयेत."

वडिलांचा चेहरा उतरला. लॅबवाला हळूच म्हणाला, "एवढं पुसून टाकता येईल, साहेब."

"पुसा. आत्ताच्या आत्ता."

"नको," कोपऱ्यातून नीरजा म्हणाली. "तिचं अजून सांगून झालेलं नाही."