दीड हजार वॅट

"बसतंय की हो!" सोलरवाल्याने कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवला. "गच्चीवर चार पॅनल, कोपऱ्यात एक लहान पवनचक्की, दोन बॅटऱ्या. दीड हजार वॅटचा इन्व्हर्टर रगड झाला. एवढा कमी लोड मी कुठल्याच घरात पाहिला नाही. कसं जमवलंत, साहेब?"

मीटरसाहेबांनी चष्मा पुसला. तीस वर्षं लोकांचे मीटर वाचून ते निवृत्त झाले होते, आणि वीज कंपनीची तार आपल्या घरापासून तोडायची ही त्यांची आयुष्यातली एकमेव महत्त्वाकांक्षा होती. अकरा वर्षं ते तिचा तक्ता करत होते. उपकरण, वॅट, रोजचे तास. बेरीज काही केल्या बसत नव्हती, कारण घरात माणसं होती.

साहेबांच्या आईला आंघोळीला कढत पाणी लागे. मुलाचा कॉम्प्युटर बंद म्हणून होत नसे. मुलीचा हेअर ड्रायर तर एकटाच सोळाशे वॅट खाई. शेवटी साहेबांनी सराव सुरू केला. लोड दीड हजारावर गेला की मेन स्विच खाली. घराला वळण लागावं म्हणून.

एका सकाळी मुलगी नोकरीच्या मुलाखतीला निघाली होती. ड्रायर सुरू झाला. तिचे अर्धे केस ओले असतानाच साहेबांनी खटका ओढला. तिने ओले केस बांधले. तशीच गेली. नोकरी लागली, तीही दुसऱ्या गावात. याला चार वर्षं झाली. फोन ती आईला करी. "बाबा बरे आहेत ना?" एवढाच त्यात साहेबांचा वाटा.

मग साहेबांची आई गेली. त्यांनी तक्त्यातून गिझर खोडला. मुलगा परदेशी गेला. कॉम्प्युटर खोडला. तक्ता दिवसेंदिवस सुधारत गेला.

"बसणारच," बायको चहाचे कप ठेवत म्हणाली. "माणसंच उरली नाहीत. वीज काय भिंती खाणार?"

सोलरवाल्याने कागद पुढे सरकवला. "इथे सही करा. उद्याच सामान मागवतो."

साहेबांनी पेन उघडलं. बंद केलं. मग बायकोचा फोन उचलून मुलीचा नंबर लावला. तो फोन कायम स्पीकरवरच असे.

"हं, बोल गं आई."

"मी बोलतोय. तुझा तो ड्रायर... सोळाशेचाच ना अजून?"

बायकोने पदराला हात पुसले, मग पुन्हा पुसले.

"टाकून दिला, बाबा. मी केस बारीक कापलेत. केव्हाच."

"बरं," साहेब म्हणाले. फोन हातात तसाच चालू धरून ते सोलरवाल्याकडे वळले. "इन्व्हर्टर तीन हजारांचा धरा. आणि यादीत हेअर ड्रायर घाला. सोळाशे वॅट."

सोलरवाल्याने एकदा फोनकडे, एकदा साहेबांकडे पाहिलं. "पण त्या तर आत्ताच म्हणाल्या..."

"लिहा हो तुम्ही. केस वाढतात."