कायद्यात बसणारे टायर

"तीन पूर्णांक दोन," आयविन गुनवोरच्या कामाच्या गाडीच्या टायरपाशी उकिडवा बसून म्हणाला. खाचांची खोली मोजायची बारकी पट्टी त्याने थंड रबरात घातली होती. "कायदा तीन मिलिमीटर मागतो. हे तर वर दोन दशांश जास्तच आहेत."

"मग त्या चढाला सांग ना जाऊन," गुनवोर म्हणाली. "म्हणावं, बाबा रे, दोन दशांश जास्त आहेत, आता तरी खाली ढकलू नकोस."

सकाळचे सव्वासात वाजले होते. रात्री पाऊस पडला होता आणि पडता पडताच गोठला होता. पालिकेच्या आवारात एक मांजर अंग चाटत बसलं होतं, ते बसल्या बसल्या घसरत फाटकाबाहेर निघून गेलं.

गुनवोर एकवीस वर्षं घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांचं औषधपाणी बघत होती. आयविन दोन वर्षांपासून तिचा साहेब होता. चढाच्या टोकाला बोर्गहिल्ड राहायची, वय एक्क्याण्णव. आठ वाजता गुनवोरने इन्सुलिन टोचायचं, मगच म्हातारीने न्याहारी करायची. गेल्या आठवड्यात गाडी चढेना म्हणून पाऊण तास उशीर झाला, तर बोर्गहिल्ड उपाशीपोटी भोवळ येऊन चुलीपाशी आडवी सापडली.

"टायर बदला म्हणून नोव्हेंबरपासून सात फॉर्म भरले मी," गुनवोर म्हणाली.

"सातही मिळाले. प्रत्येकाला उत्तर दिलंय."

"काय उत्तर दिलंस? 'मिळाला. आभार.' सातही वेळा तेच, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. अरे, सात हिवाळे जुने टायर आहेत हे. रबराचं लाकूड झालंय. नख लावून बघ, नख तुटेल."

"जुनेपणाबद्दल कायदा काही म्हणत नाही." आयविन उठला, गुडघे झटकले. "सगळं चालवण्यावर असतं, गुनवोर. तू घाबरतेस आणि एकदम जोर देतेस."

"एकवीस हिवाळे मी काय ढकलत नेत होते का गाडी?"

कोपऱ्यात आयविनची स्वतःची गाडी उभी होती. चारी टायर नवेकोरे, बर्फात पकड घेणाऱ्या खिळ्यांचे. खिळे दिव्याखाली असे चमकत होते, जणू आत्ताच दात घासून आलेत.

"मग तुझी गाडी काढ," गुनवोर म्हणाली.

"ती खासगी आहे. कामासाठी नियमात बसत नाही. आण इकडं किल्ली, मी दाखवतो कसं चालवायचं ते."

तिने किल्ली दिली आणि औषधांची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसली.

पहिलं वळण त्याने झोकात घेतलं. "बघितलंस? हळुवार पाय. लोण्यावरून सुरी फिरवावी तसा."

दुसऱ्या वळणावर चाकं जागच्या जागी गरगरली. आयविनने पाय आणखी हळुवार केला. मग गाडी मागे निघाली. घाई नाही, गडबड नाही. लग्नाचं जेवून निघालेल्या आत्याबाईसारखी, सगळ्यांचा निरोप घेत. टपालाच्या पेट्या गेल्या. दुधाच्या कॅनांचा जुना ओटा गेला. आयविन ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिला होता. शेवटी गाडी चढाच्या पायथ्याशी बर्फाच्या ढिगात आडवी शिरली आणि बंद पडली.

"सात चाळीस," गुनवोर म्हणाली.

तिने पिशवीतून जाडजूड लोकरी मोजे काढले आणि बुटांवरून चढवले. असल्या बर्फावर दुसरं काही धरत नाही. आयविनच्या पायात ऑफिसचे बूट होते, चामड्याच्या तळव्यांचे.

"आणखी एक जोडी आहे का गं?"

तिने त्याच्या खिशातली पट्टी काढून घेतली, घोड्याचा नाल बघावा तसा त्याचा पाय उचलला आणि पट्टी तळव्याला लावली.

"शून्य," ती म्हणाली. "पण बुटांबद्दल कायदा काही म्हणत नाही. चल."

ती पिशवी गळ्यात अडकवून वर निघाली. तो दहा पावलं उभ्याने चालला. मग हात टेकले. मग गुडघे.

आठला दोन मिनिटं कमी असताना बोर्गहिल्डने दार उघडलं. मोज्यांतली गुनवोर आत आली. मागून साहेब उंबऱ्यावरून रांगत आला. टाय बर्फाने ताठ झालेला, दोन्ही तळवे सोललेले.

बोर्गहिल्डने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "सत्तेचाळीसच्या हिवाळ्यात एक अस्वल आलं होतं असं चार पायांवर. अख्खं लोणी खाल्लं, तोंड पुसलं आणि गेलं. पण साहेब मात्र पहिल्यांदाच येतोय हो!"

"आधी पोट उघडं कर," गुनवोर म्हणाली. तिने सुई टोचली.

टेबलावर पाव आणि तपकिरी चीजची बशी रुमालाखाली वाट बघत होती. म्हातारीने रुमाल उचलला, पाव घेतला. हात इतका थरथरत होता की पाव दोनदा तोंडापर्यंत पोचलाच नाही. तिने दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि घास घेतला. थट्टा करायचं तिने तेवढ्यापुरतं थांबवलं होतं.

आयविन त्या हाताकडे बघत राहिला.

"गुनवोर," तो म्हणाला, "कोरा फॉर्म आहे का एखादा?"

पिशवीत होता. आठवा फॉर्म. तिने पेनसकट समोर ठेवला.

आयविनने पुढून लिहिलं, उलटवून मागून लिहिलं. सोललेल्या तळव्याचा डाग कोपऱ्याला लागला. 'धोकादायक' या शब्दाखाली त्याने एक रेघ ओढली आणि 'आजच्या आज' या शब्दांखाली दोन. मग कागद तिच्याकडे सरकवला.

गुनवोरने चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचलं. उत्तराचा रकाना मोकळा होता. तिने पेन घेतलं, सावकाश दोन शब्द लिहिले आणि कागद त्याच्यापुढे परत केला.

'मिळाला. आभार.'