एक्सलचा टोला

कडाड असा आवाज झाला आणि जीप ओढ्याच्या चढावर जागच्या जागी थांबली. इंजिन चालूच होतं. खाजाभाईनं पुन्हा गियर टाकला, तेव्हा चिखलात रुतलेलं डावं चाक गरगर फिरलं. खडकावरचं उजवं चाक मात्र ढिम्म हललं नाही.

"बंद करा, खाजाभाई," शमुवेल मिस्त्री म्हणाला. काय मोडलंय हे त्याला उतरून बघायची गरज नव्हती.

मागे पोत्यांच्या बिछान्यावर त्याची बायको मार्था पडून होती. सकाळी बाजरी कापताना तिच्या पायाला घोणस चावली होती. पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. नगरच्या दवाखान्यात सापाच्या विषावरची सुई मिळते, एवढं ठाऊक होतं. आणि नगर अजून लांब होतं.

जीप खाजाभाईची. लढाई संपल्यावर लष्करानं लिलावात काढलेल्या मालातली. पुढच्या चाकांना जोर देणारा दांडा कुणीतरी आधीच चोरून नेला होता, त्यामुळे काळ्या रानात ती एकाच चाकावर गरगरत बसायची. म्हणून शमुवेलनं मागच्या दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणारी दातेरी चक्रं वेल्डिंग करून एकमेकांना जखडून टाकली. आता एक चाक रुतलं तरी दुसरं ओढणार. दोन्ही चाकं नवराबायकोसारखी बरोबरीनं चालणार, असं तो गावभर सांगत सुटला होता.

खाजाभाईनं तेव्हाच विचारलं होतं, "मिस्त्री, सगळा भार एकाच बाजूवर आला तर आक्सल तग धरंल का? पातळ हाय त्यो. भंगारात ट्रकचा जाड पडलाय, त्योच घडवून बसवू."

मिस्त्रीनं चाक फिरवणारा तो दांडा, म्हणजे एक्सल, तारेला टांगला आणि हातोडीनं टोला दिला. बायका मडकं घेताना बोटानं वाजवून बघतात, तशीच ही लोहारकामातली परीक्षा. बद्द वाजलं तर चीर, खणखणीत वाजलं तर लोखंड धड. एक्सल असा वाजला की पलीकडच्या गल्लीतली माणसं वळून बघायला लागली. "ऐकलं का?" मिस्त्री म्हणाला. बायबलाच्या खालोखाल त्याचा विश्वास हातोडीवर. लोखंड धड होतं, ते काही खोटं नव्हतं. पण धडधाकट माणसालासुद्धा दोघांचं ओझं झेपतंच असं नाही, आणि हे हातोडी कुठून सांगणार!

खाजाभाई चपला हातात घेऊन शेजारच्या वस्तीवर बैल आणायला पळाला. शमुवेल जीपखाली शिरला. दुसरा एक्सल जवळ नव्हता, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी त्यानं चाकाचे बोल्ट काढले आणि मोडका तुकडा बाहेर ओढला. हातांना काहीतरी काम हवं होतं. बायकोकडे बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

"काय मोडलं, वं?" मार्थानं विचारलं.

"काय न्हाई. आक्सल."

"तुमी वाजवून बघितल्याला, त्योच?"

"व्हय," तो म्हणाला.

हातातला तुकडा निसटला आणि दगडावर आपटला. ठणण् असा लांब आवाज ओढ्यावरून पलीकडे गेला. मार्थानं डोळे मिटले.

"लई गोड वाजतंय," ती म्हणाली. "देवळाला घंटा न्हाई. दर ऐतवारी उपासनेसाठी मीच दारोदार हाका मारत हिंडते. ह्यो टांगा देवळाफुडच्या लिंबाला. माजी पायपीट तरी वाचंल."

"तू बरी हो. मग टांगू."

"आदी टांगा," ती म्हणाली. "तुमी मग इसरता."

तो रडला. मोठ्यानं रडला. बघायला तिथं दुसरं कुणी नव्हतं आणि मार्थानं डोळे मिटलेलेच ठेवले होते.

बैल आले. त्यांनी जीप चढावर काढली; पुढची वाटही चिखलाची, एका चाकाच्या जोरावर ती चालेना, म्हणून बैलच ती ओढत नगरच्या वाटेला लागले. पण बैल बैलांच्याच चालीनं जाणार. वाटेतल्या घोगरगावच्या अलीकडे खाजाभाईनं मार्थाच्या नाकापुढे हात धरून पाहिला, आणि बैलवाल्याला थांबायची खूण केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ख्रिस्ती वाड्यातल्या देवळापुढे माती द्यायला माणसं जमायची होती. पण जमणार कशी? दारोदार हाक मारणारी आत पेटीत निजली होती. शमुवेलनं घरातून तार आणली, मोडका तुकडा लिंबाच्या फांदीला टांगला आणि हातोडी उचलली.

पहिल्याच टोल्याला दारं उघडली. दुसऱ्याला बाया पदर सावरत बाहेर आल्या. शेतात गेलेले बांधावरून परत फिरले. एवढी माणसं एवढ्या लवकर देवळापुढे कधीच जमली नव्हती. मार्थाला बघून बरं वाटलं असतं.

देवळाचे पाळक प्रार्थनेचं पुस्तक उघडून उभे राहिले. शमुवेल टोले देतच होता. प्रत्येक टोल्यानंतर तो कान तुकड्याजवळ नेई, आवाज विरेपर्यंत थांबे आणि जरा खाली, जरा वर, दुसऱ्या जागी टोला देई.

खाजाभाईनं पुढे होऊन त्याचा हात धरला. "मिस्त्री, बास. आले समदे."

"थांबा, खाजाभाई," शमुवेल म्हणाला. "कुठंतरी बद्द वाजंल."