माणुसकीखालची पट्टी

संसदेत चर्चा सुरू झाली, तशी गार्गीने मांडीवरच्या छोटीला थोपटत टीव्हीचा आवाज वाढवला. नव्या कायद्यानुसार वक्त्याने तत्त्वाची भाषा केली, की त्याच्या मनातलं चित्र यंत्र खालच्या पट्टीवर दाखवायचं.

तिचा खलाशी नवरा पराग याला परमुलखातल्या राजवटीने जहाजासकट बंदरात अडकवून ठेवलं होतं.

"आपले खलाशी सोडवणं हीच माणुसकी! त्या राजवटीशी बोला!" विरोधी नेते गरजले. पट्टीवर तेलाची पिंपं उमटली.

"मेला लबाड!" सासूबाई म्हणाल्या.

मग परराष्ट्रमंत्री उठले. "स्वतःच्याच देशातल्या पोरांना तुरुंगात डांबणाऱ्यांशी बोलणी नाहीत. माणुसकी हीच."

गार्गी टक लावून बसली. इथेही लबाडीच निघू दे, म्हणजे पोटभर शिव्या तरी घालता येतील. पण पट्टीवर गजांआडची पोरंच दिसली. त्यातलं एक तर छोटीएवढं.

"मग आपल्या बाजूचं कोण गं?" सासूबाईंनी विचारलं.

त्या पोरांना वाऱ्यावर सोडा, असं गार्गीच्याने म्हणवेना. पण या घडीला तिच्या मनाखाली कुणी पट्टी धरली असती, तर तिथे फक्त पराग दिसला असता. खांद्यावर बॅग, दारात वाकून बूट काढणारा.