पिंजऱ्यातली कोल्हीण

फरचे कोट विकणाऱ्या दुकानासमोर, भर उन्हात, कोल्हिणीचा मुखवटा लावून यामिनी पिंजऱ्यात बसली. शिरीषने बाहेरून खरंखुरं कुलूप लावलं आणि जमलेल्यांना सांगितलं, "ही आता सुटकेसाठी गयावया करेल. सोलण्याआधी कोल्हेही करतात. आपण नुसतं बघायचं. एरवीही तेच करतो."

पलीकडच्या सिग्नलला पत्रकं वाटताना पोलिसांनी त्याला उचललं, परवानगी नाही म्हणून. त्याच्या पिशवीत यामिनीचा दम्याचा पंप आणि पिंजऱ्याची किल्ली होती.

ऊन चढलं तशी यामिनीला धाप लागली. मुखवटा फेकून तिने गज धरले.

"दादा, कुलूप तोडा... खरंच श्वास..."

कोणी हललं नाही. मोबाइल तेवढे वर झाले.

नवा कोट घेऊन दुकानातून निघालेली बाई थबकली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किती हुबेहूब करते हो," ती नवऱ्याला म्हणाली.